करवतमाशाचं पान

पावसाळा सरला, की आचऱ्यातल्या आमच्या वाचनालयाची पुस्तकं मी अंगणात चटईवर उन्हाला मांडते. ओल धरलेल्या कागदाचा आंबूस, शेवाळी वास हळूहळू वर येतो. आज नामशेष होत चाललेल्या प्राण्यांवरचं एक जाडं पुस्तक वाऱ्याने नेमकं करवतमाशाच्या पानावर उघडलं आणि मला ते म्हातारे आठवले.

आयुष्यभर खाडीत मासेमारी केलेले, अक्षरओळख जेमतेम. दुपारी हात स्वच्छ धुऊन यायचे आणि माझ्यासमोर बसून म्हणायचे, "वाचा बाई." मी वाचत जाई. जीव कसे बदलत गेले, कुठले पाण्यातून वर आले, कुठले कायमचे मिटले. एरवी ते मधूनमधून हसत, शंका काढत. या पानावर मात्र त्यांनी चित्रावर तळवाच ठेवला.

"ह्येका मी वळाखतंय."

ते मला घरी घेऊन गेले. दारावर हातभर लांब, दोन्ही बाजूंनी दातेरी अशी त्या माशाच्या नाकाडाची करवत टांगलेली होती, हळदीकुंकवाने माखलेली. तरुणपणी खाडीच्या तोंडाशी ती मादी त्यांच्या जाळ्यात अडकली होती. पोट फाडलं तर आत पिल्लं. त्यांच्या इवल्या करवती पातळ सालीत गुंडाळलेल्या, आईला इजा होऊ नये म्हणून. घाबरून त्यांनी पिल्लं पाण्यात सोडली. त्यानंतर तसा मासा त्या खाडीत कुणी पाहिला नव्हता.

"बाई, पुस्तकात लिवलां आसा काय? ती पिल्लां जगली काय?"

माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी युगं आधीपासून चालत आलेली त्या माशाच्या वंशाची वाट या दाराशी येऊन थांबली असेल का, एवढंच ते विचारत होते. धीर द्यावा असं फार वाटलं. पण पुस्तकातलं त्यांना खरं वाटायचं, खोटं बोलवेना.

"नाही लिहिलेलं," मी म्हटलं.

त्यानंतर आठवडाभर ते वाचनालयाकडे फिरकले नाहीत. मग एका धुकट सकाळी स्वतःच बोलवायला आले आणि मला होडीतून खाडीच्या तोंडाशी घेऊन गेले. होडीत जाळं नव्हतं. काठावरचे माड पुसले गेले होते. पाणी आणि आभाळ वेगळं कळत नव्हतं. त्यांनी वल्हं वर घेतलं.

"गप रवा."

बराच वेळ काही नाही. मग होडीच्या तळाला खालून काहीतरी घासत गेलं. संथ, लांबलचक, जणू कुणी लाकडावरून नख ओढत होतं. माझ्या पायांना ते जाणवलं. मग समोरच्या सपाट पाण्यावर एक सरळ रेघ उमटली, धुक्यात शिरली आणि विरली.

"ऐकलास?" ते कुजबुजले. अरेतुरे झालेलं त्यांच्या लक्षातही आलं नाही. डोळे भरून आले होते. आनंदाने की भीतीने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

वाहून आलेला ओंडका असेल. वाळूचा उंचवटा असेल. तासाभराने धुकं विरलं, पाणी तळापर्यंत नितळ दिसू लागलं आणि खाली वाळूखेरीज काहीच नव्हतं. तरीही वल्हं पाण्यात टाकायचं धाडस आम्हा दोघांनाही कितीतरी वेळ झालं नाही.