आणे पठारावरचं राखीव आरमार

आमच्या आणे पठारावर उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरने येतं. अशा गावात नौदलातून निवृत्त झालेले नाना दर रविवारी आपला पांढरा गणवेश इस्त्री करून ठेवत.

नोकरी संपताना त्यांनी स्वखुशीने राखीव दलात नाव दिलं होतं. गरज पडली की बोलावू, असं साहेबांनी सांगितलेलं. त्या नावाची मुदत संपून जमाना लोटला, नानांचे गुडघे कुरकुरू लागले, तरी बोलावणं येईल ही आशा सुटली नाही. मला म्हणत, "साहेब इसरला नसंल. तेवढी मोठी लढाईच झाली न्हाई अजून."

शांततेच्या काळात सराव मोडू नये म्हणून टँकर आला की ते शिट्टी फुंकून हंड्यांची रांग लावत. बायका हसत, पण रांगेत राहत. भांडणं तेवढी वाचायची.

मग टीव्हीवर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या आणि गावाला चेव चढला. नानांना लढाईवर धाडायला शाल, श्रीफळ, हलगी, भाषणं, सजवलेली जीप! बोलावणं आलंय का, हे विचारायचं सगळेच विसरले. नाना भिडेपोटी जीपमध्ये बसले आणि लढाई थांबेपर्यंत नारायणगावात भाच्याच्या गाळ्यावर टोमॅटो निवडत राहिले. परत आल्यावर पुन्हा सत्कार झाला. घरी येऊन मला म्हणाले, "भाऊ, जल्मात एकदा कुनीतरी बोलवायला पायजे व्हतं." मला फार वाईट वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गंगूबाईंची शेळी शेततळ्यात पडली. प्लास्टिकच्या कागदावरून तिला वर चढता येईना आणि आमच्यात पोहता कुणालाच येत नव्हतं. मी नानांना फोन लावला, या म्हटलं, तुमची गरज आहे. गणवेश चढवून येतो, म्हणाले.

गणवेशाला वेळ लागला. तोवर आम्ही दोराचा फास टाकून शेळी बाहेर काढलीसुद्धा. तेवढ्यात बांधावरून नाना येताना दिसले. पांढरेशुभ्र, ताठ, गुडघे विसरून चाललेले.

गंगूबाईंनी आधी नानांकडे पाहिलं, मग शेळीकडे. हळूच म्हणाल्या, "सोडा तिला परत पान्यात. नाना बोलावल्यावर आल्यात."

आम्ही सोडली. नानांनी टोपी माझ्या हातात दिली, दोर कमरेला बांधला आणि पाण्यात उतरले. शेळीला छातीशी धरून वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"येळेवर बोलावलंत," ते म्हणाले, "न्हाईतर गेली व्हती बिचारी."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

दिवाळीनंतर नाना गेले. त्यांची आठवण आली की मला अजून भरून येतं. गंगूबाई मात्र घरी आलेल्या प्रत्येक पावण्याला ती शेळी दाखवतात आणि सांगतात, "हिला नौदलानं वाचवलं. आमी निस्तं बोलावलं व्हतं."