लाल पोतं, हिरवं पोतं आणि दोन वर्षं जुना माल

आमच्या सासूबाई जर्मनीत पहिल्यांदा आल्या त्या नोव्हेंबरात, आणि घरात पाऊल टाकताच त्यांनी कुटुंबातली सगळ्यात महत्त्वाची असामी हेरली. ती असामी मी नव्हतो. बैठकीच्या खोलीत, कोपऱ्यात, कमरेइतका उंच, काळा कुळकुळीत, पोटाला काच लावलेला एक ओफन, म्हणजे खोली तापवायची जर्मन भट्टी, उभा होता. सासूबाईंनी बूटही न काढता त्याच्यासमोर खुर्ची ओढली, दोन्ही तळहात काचेपुढे धरले आणि म्हणाल्या, "ही शेगडी चांगली आहे. हिला काय घालता खायला?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. पण पुढचे तीन महिने आमच्या घरात दुसरा कुठलाही प्रश्न चर्चेला आला नाही.

तर त्या शेगडीला पेलेट लागत. लाकडाच्या कारखान्यात उरणारा भुसा घ्यायचा, वाळवायचा, दाबायचा आणि त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडायचे, ते पेलेट. वरून टाकीत पोतं ओतलं की तळाशी एक लांब मळसूत्र फिरतं आणि दाणे एकेक करून आगीच्या वाटीत टाकतं. टक, टक, टक. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आमच्या भागात ही नवलाई होती. स्टुटगार्टच्या बाहेर, चढावरच्या त्या गावात माणसं एरवी हवेबद्दल बोलत, आता पेलेटबद्दल बोलू लागली होती. घरमालकांनी आम्हाला भाड्याने दिलेल्या भागात तेलाचे रेडिएटर नव्हतेच. हा ओफन आणि न्हाणीघरात एक लहानसा विजेचा हीटर, एवढ्यावर आमची भिस्त.

सासूबाई का आल्या होत्या, ते आधी सांगायला हवं. बायकोची डॉक्टरेट अखेरच्या टप्प्यात होती. संस्थेतला तिचा करार मार्चअखेर संपत होता आणि प्राध्यापकांनी गोड शब्दांत सांगितलं होतं की प्रबंध तोवर आला तर उत्तम, नाही आला तर त्यांच्याकडे पुढे जागा नाही. मुलगी चार वर्षांची. तेव्हा तिथली बालवाडी पोरांना दुपारी जेवायला घरी हाकलून देई. मी एका पुरवठादार कंपनीत कंत्राटावर, एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, संध्याकाळी घरी येणारा. म्हणजे दुपारपासून संध्याकाळपर्यंत मुलीजवळ कुणी बसलं, तरच प्रबंध होणार होता. तो कुणी म्हणजे बायकोची आई, आमच्या सासूबाई; मीही त्यांना आईच म्हणतो.

आईंनी यायचं कबूल केलं, पण अट घालून. नातीला सांभाळेन, स्वयंपाक करेन, म्हणाल त्या बर्फात फिरायला येईन, पण घरात कुडकुडत बसणार नाही. शेगडी विझत राहिली तर मी निघाले. खटपट करून तोवरचा व्हिसा मिळवला होता आणि तिकीट एप्रिलचं होतं, पण तारीख बदलता येणारं होतं. ही गोष्ट त्यांनी पुण्यातून निघण्यापूर्वी एजंटाला दोनदा विचारून घेतली होती, आणि आम्हालाही त्या अधूनमधून प्रेमाने आठवण करून देत.

आणि शेगडी विझू लागली.

दोष माझ्या लाल पोत्याचा होता. बाउमार्क्टच्या, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या भल्यामोठ्या दुकानाच्या, दारातच लाल पोत्यांचा डोंगर होता, आणि मी डोंगर पाहिला की वाकून नमस्कार करणाऱ्यांपैकी. पण त्या पेलेटची राख उडून जात नसे. ती वाटीत वितळून चिकटे, खडीसाखरेसारखे खडे होत, हवेची भोकं बुजत आणि ज्वाळा लाजून मान खाली घालत. दुपारी मी ऑफिसात असताना फोन वाजे. आई म्हणत, "अहो, तुमची शेगडी गेली." आवाज असा, की समोरच्या टेबलावरचा सहकारी माझ्याकडे सहानुभूतीने पाही. मागून आमच्या कन्येचा आवाज येई, "आउस, ओमा, आउस," म्हणजे विझली, आजी, विझली. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तरं ती जर्मनमध्येच देई, आणि आजीला जर्मन येत नाही हा मुद्दा दोघींपैकी कुणालाच अडचणीचा वाटत नसे.

मी वरच्या मजल्यावरच्या घरमालकांना गाठलं. ते निवृत्त भूमापक, सत्तरीचे, एकटे, अत्यंत सरळ रेषेत चालणारे. त्यांनी सांगितलं की हिरवं पोतं घ्या, बाकी सगळा कचरा आहे. हिरवं पोतं ऑस्ट्रियातून येतं, शुद्ध स्प्रूसच्या, सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचं. त्यांचा दावा असा, की धुराड्यातून येणाऱ्या वासावरून ते पोत्याचा रंग सांगू शकतात.

मी घरी येऊन हे सांगितलं. बायको म्हणाली, मग हिरवं आण आणि विषय संपव. आईंनी मात्र मला थांबवलं. त्यांच्या घरी वर्षाचा तांदूळ भरायचा तर चार दुकानांतून चार पुड्या येत. प्रत्येक पुडीतला मूठभर वेगळा शिजे, घरातले सगळे चार घास खात, आणि मग निर्णय होई. दुकानदाराच्या सांगण्यावर पोतं उचलणारा माणूस त्यांच्या लेखी वेडा. आता वरचे काका दुकानदार नसले तरी ते एकाच पोत्याचे भक्त होते, आणि भक्ताची साक्ष त्या धरत नसत.

मला तर कुणीतरी असं म्हणायचीच खोटी होती. त्याच शनिवारी आम्ही लाल, हिरवं आणि जवळच्या लाकूडगिरणीतलं पांढरं, बिननावाचं, अशी तीन पोती आणली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं गेलं. आईंनी चष्मा चढवला आणि दाणे निवडायला घेतले. अख्खे एकीकडे, कणी दुसरीकडे. मग चाळण. हिरव्यातून चमचाभर भुसा पडला, लालमधून मूठभर. मग पाण्याचा पेला. पोकळ दाणा वर तरंगतो हा त्यांचा सिद्धान्त, आणि लालमधले दोन खरंच तरंगले. बाकीचे बुडाले आणि बघता बघता फुगून त्यांची लापशी झाली. आई बराच वेळ त्या पेल्याकडे पाहत राहिल्या. लाकडाची लापशी होते हे त्यांना फारच आवडलं. पुढचे दोन दिवस त्या नातीला तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून दाखवत होत्या.

मग एक दिवस लाल, एक दिवस हिरवं, असं जाळणं सुरू झालं. काच किती काळी झाली, आवाज कसा आला, खोलीत ऊब कोणत्या खुर्चीपर्यंत पोचली, सगळ्याची चर्चा जेवताना. राख आई एकेका स्टीलच्या वाटीत काढून खिडकीत ठेवत, आणि ओळखायला पोत्याचा एक तुकडा वाटीखाली. एकदा घरमालक काही कामासाठी खाली आले, त्यांनी त्या वाट्या पाहिल्या, टोपी काढली आणि हलक्या आवाजात मला विचारलं की हे आपल्या जवळचे कोणी होते का. मी क्षणभर, फक्त क्षणभर, गंभीर राहिलो. मग सांगितलं की ही आपल्या हिरव्या पोत्याची राख आहे. त्यांनी टोपी परत घातली, वाटी उचलून उजेडात धरली आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, किती पांढरी. गेनाऊ, अगदी अशीच हवी."

त्यांच्या नाकाचीही परीक्षा मी घेतलीच. ओफनमध्ये लाल पोतं ढणढणत असताना त्यांना अंगणात बोलावलं आणि विचारलं, आज काय जळतंय? त्यांनी डोळे मिटले, धुराड्याकडे तोंड करून लांब श्वास घेतला आणि एखाद्या गवयाने समेवर यावं तसे म्हणाले, हिरवं. मी टाळ्या वाजवल्या. इतका सुंदर प्रवेश रंगवणाऱ्या नटाला खरी संहिता दाखवायची नसते.

पांढऱ्या पोत्याची पाळी यायच्या आतच माशी शिंकली. घरमालक बोलता बोलता म्हणाले की बागेतल्या लाकडी खोपटात त्यांची चार पोती पडून आहेत, दोन वर्षांपूर्वीची, त्यांनी हिरव्याची दीक्षा घेण्याआधीची. मी हे मराठीत सांगितलं आणि आईंच्या हातातली चाळण थांबली.

"दोन वर्षं जुने?"

तांदूळ जुना चांगला. चिंच, लोणचं, गूळ, तूप, एवढंच काय जावईसुद्धा जुना झाला की बरा शिजतो, असं त्या म्हणाल्या. मी हसलो, पण माझ्याही डोक्यात ते बसलं, कारण ओंडके जाळणारा प्रत्येक जर्मन माणूस लाकूड दोन वर्षं वाळवल्याशिवाय शेकोटीत घालत नाही. म्हणजे तांदळाचं शास्त्र आणि इथलं लाकडाचं शास्त्र अगदी हातात हात घालून उभं होतं. आम्ही घरमालकांकडे ती पोती मागितली. ते का कू करू लागले. जुनी आहेत, कशाला नेता, मी टाकूनच देणार होतो. मी ते शब्दन् शब्द आईंना मराठीत सांगितलं. आईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "द्यायला जिवावर येतंय म्हाताऱ्याच्या. म्हणजे माल चांगला आहे."

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी तो जुना माल टाकीत पडला. बाहेर बर्फ होतं. पहिला अर्धा तास ज्वाळा अशी उठली की आईंनी खुर्ची मागे घेतली आणि माझ्याकडे एक विजयी कटाक्ष टाकला. मग टक-टक मंदावली. मग ओफनच्या पोटातून एक लांबलचक कण्हणं आलं आणि सगळं शांत. कन्येने जाहीर केलं, "आउस."

पेलेट म्हणजे तांदूळ नव्हे आणि ओंडकाही नव्हे. ते कारखान्यातूनच कोरडे ठणठणीत येतात, आणि त्यानंतर त्यांना एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे ओल पिणं. खोपटातल्या दोन वर्षांत त्यांनी ती पोटभर प्यायली होती. पाण्याच्या पेल्यात जे झालं होतं, तेच आता मळसूत्राभोवती, अंधारात, घट्ट चेपून झालं होतं. घरमालक व्हॅक्यूम क्लीनर घेऊन धावत आले. आम्ही दोघांनी टाकी चमच्यांनी उपसली, पण खालचा गोळा सिमेंटसारखा बसला होता. मेकॅनिक सोमवारी येणार. तोवर रविवार, आणि जर्मनीतल्या रविवारी फक्त चर्चच्या घंटा कामावर असतात.

रविवारी आम्ही सगळे स्वयंपाकघरात गोळा झालो. न्हाणीघरातला हीटर तिथे आणला, गॅसवर सतत काहीतरी उकळत ठेवलं. घरमालक वर येऊन राहा म्हणत होते, पण आईंनी नम्रपणे मान हलवली. त्या दोन स्वेटर, शाल आणि माझी कानटोपी घालून मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायको बोटं उघडी असलेले हातमोजे घालून प्रबंधाचं चौथं प्रकरण टाइप करत होती. थोड्या वेळाने तिने लॅपटॉप मिटला.

"आई, तू जा," ती म्हणाली. "मी उद्या एजंटाला फोन करते. तुला इथे असं बसलेलं मला बघवत नाही. प्रबंध होईल तेव्हा होईल."

मी चहाचं आधण बघत उभा होतो. तारीख बदलता येणारं तिकीट आता खरोखरच टेबलावर आलं होतं, आणि या वेळी ते आईंनी नव्हे, लेकीने ठेवलं होतं.

आई म्हणाल्या, "शेगडी कुणी बिघडवली?"

"कुणी नाही गं. मशीन आहे ते."

"जुना माल मीच मागून आणला. चांगली चालती शेगडी मी बंद पाडली, आणि आता घर गार करून मीच विमानात बसू? पुण्यात काय सांगू लोकांना?"

बायको म्हणाली की लोकांना काय करायचंय. आईंनी ते ऐकलं न ऐकलं केलं. रागावलेल्या दिसत नव्हत्या. एखादं कालवण फसल्यावर स्वयंपाकीण जशी पातेल्याकडे बघते, तशा त्या बंद दाराकडे, त्याच्यापलीकडे ओफन होता तिकडे बघत होत्या. मग मला विचारलं की तो जुना माल मध्येच का विझला, पहिला अर्धा तास चांगला का गेला. मी म्हटलं, टाकीत तळाशी थोडे हिरवे दाणे उरले असतील, ते आधी जळले. त्यांनी यावर विचार केला. "म्हणजे आधी टाकी रिकामी करायला हवी होती," त्या म्हणाल्या. "आपण तसं एकदाही केलं नाही. मग आजवरच्या सगळ्या परीक्षा चुकीच्याच की."

त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच एक विलक्षण आनंद ऐकू आला. सगळं पुन्हा करायला मिळणार होतं.

सोमवारी मी सुट्टी घेतली. मेकॅनिकने मळसूत्र बाहेर काढलं, लाकडाचा तो गोळा फोडला, टाकी झाडून कोरडी केली. आईंनी तिच्यात हात घालून कोपरे स्वतः तपासले आणि मगच पांढरं पोतं ओतायला परवानगी दिली. दाणे पडू लागले. वाटीत धूर झाला, मग एक निळसर जीभ, मग पिवळी. आम्ही सगळे, मेकॅनिकसुद्धा, काचेसमोर ओळीने उभे होतो.

आई बायकोकडे वळल्या. "तू काय बघत उभी राहिलीस? जा, लिहायला बस. चार वाजेपर्यंत बाहेर यायचं नाही."

बायको आत गेली. आईंनी तिच्या खोलीचं दार बाहेरून हळूच ओढून घेतलं, क्षणभर कान लावून टाइप केल्याचा आवाज येतोय ना ते ऐकलं, आणि मग माझ्या शेजारी येऊन खुर्चीत बसल्या. कानटोपी काढून माझ्या हातात दिली.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "गावात आणखी कुठे कुठे मिळतात ही पोती?"