उय सेंगलाने ओढलेला डोंगर

हां, तर डॉक्टरीणबाई विचारत होती, “आजी, बिडी किती ओढता?”

छातीला वायरी चिकटवलेल्या, तरी उय सेंगलाचा तोरा बघा! “बिडी? अगं, नवरा ओढायचा म्हणून त्याला मी खांबांवरच्या घराखाली डुकरांशेजारी झोपवायची!”

उय म्हणजे आजी. गावात तिला सगळे उयच म्हणत. मी सोडून, कारण विहाराच्या शाळेत आम्ही एकाच फळीवर बसून एकाच भन्तेंची छडी खाल्लेली. त्या दिवशीही मी इस्पितळात तिच्या खाटेशी पपई कापत बसलो होतो.

डॉक्टरीणबाईने खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर पिवळट धूर, समोरचा डोंगर गायब. “मग हृदयाची नळी कशाने बुजली? उभा जन्म दर उन्हाळ्यात हा धूर घेताय. त्यातली बारीक धूळ फुप्फुसातून रक्तात उतरते, नळ्या आतून सुजतात, थरावर थर चढतो. आजी, तुम्ही बिडी नाही ओढली, अख्खा डोंगर ओढलात! आता फुगा घालून वाट मोकळी केलीय. पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा असाच धूर घेतलात, तर माझा भरवसा नाही.”

सेंगलाने माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पपईची फोड परत ठेवली. तिने खाणं बाजूला ठेवलं हे मी गावात सांगितलं तर कुणाला खरं वाटेना!

का म्हणता? अहो, डोंगराला पहिली काडी तिचीच असायची! उन्हाळ्यात मोठी मोठी पानं गळून पडली की ती एक पान मुठीत चुरडून बघायची, आणि “आज!” म्हणाली की गाव पेटवायला निघायचं. आग लागल्याशिवाय जमिनीतून अळंबी येत नाही, असं तिच्या आजोबांनी सांगितलेलं आणि माझ्याही. आमची ती काळी, बोराएवढी गोल अळंबी! चिकट भाताबरोबर दाताखाली फट् करून फुटते. तिच्यासाठी माणूस सासूशीसुद्धा गोड बोलतो.

पुढच्या उन्हाळ्यात आमचा गावप्रमुख इन्ता तिच्या जिन्यापाशी आला. “उय, पानं वाळली. कधी लावायची?”

“यंदा नाही.”

“नाही? मग अळंबी काय आभाळातून पडणार? तुमच्या छातीपायी गावाने जिभेला कुलूप लावायचं होय?”

“तू पाळण्यात असताना खोकून खोकून निळा पडायचास रे इन्ता. कुठल्या महिन्यात, ते आईला विचार. यंदा आपला डोंगर राहू दे. अळंबी नाही आली, तर पुढच्या वर्षी काडी मीच लावीन. माझी चिताही त्यातच उरका, लाकडं वाचतील!”

इन्ता आईकडे गेला असावा. कारण काडी लागली नाही.

शेजारच्या डोंगरांचा धूर आलाच, त्याला कोण अडवणार? पण आमच्या डोंगराची त्यात भर पडली नाही. सगळ्यात वाईट दिवसांत सेंगला आरोग्यकेंद्रात, हवा गाळणाऱ्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसायची आणि सुई टोचून घ्यायला आलेल्यांना घाबरवायची. महिना सरला, आणि ती स्वतःच्या पायांनी घरी आली.

मग पाऊस झाला. गाव टोपल्या घेऊन डोंगरावर चढलं. घोटाभर ओला पालापाचोळा, आणि अळंबी? एक नाही! टोपल्या रिकाम्या परत आल्या. इन्ता तिच्या जिन्याखाली ओरडला, “घ्या! काडी जपून ठेवा, उय!”

सेंगला म्हणाली, “चल रे, मला वर घेऊन. आणि अंगणातला खराटा घे.”

“खराटा? डोंगरावर?”

“नाहीतर तुझ्या डोक्यात घालीन.”

वळणावळणाला थांबत, दम खात आम्ही चढलो. मागून इन्ता आणि अर्धं गाव, गंमत बघायला. एका झाडाखाली तिने खराटा इन्ताच्या हातात दिला. “ओढ.”

त्याने तोंड वाकडं करून एक फटकारा मारला. पानं सरकली. खाली लाल ओली माती, आणि मातीत काळी काळी टकली, दाटीवाटीने! मग इन्ता असा काही झाडत सुटला, की घरी बायकोने बघितलं असतं तर रोज कामाला लावला असता.

संध्याकाळी सगळं गाव सेंगलाच्या ओसरीवर. चिंचेचा कोवळा पाला घालून केलेलं कालवण, आणि चहूकडून फट्, फट्! इन्ता मान खाली घालून जेवत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. “उय, अळंबी तर आपसूकच येते. मग आपल्या बापजाद्यांनी इतकी वर्षं डोंगर जाळला तो कशासाठी?”

सेंगलाने तोंडातली अळंबी सावकाश फोडली आणि म्हणाली, “झाडायचा कंटाळा रे बाळा, दुसरं काय!”