बंद बेल दाबल्यावर आलेली बाई

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं... यातलं मी काही मानत नाही. गल्लीत कुणी उतारा टाकला असेल तर चपलेने बाजूला सारून पुढे जाते. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा, पण पूर्ण वाचून मग हसा.

मी सुरतला, भेस्तानमध्ये राहते. जवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये साडी चेकिंगला आहे. कापड उजेडात धरायचं आणि डाग, भोक, सरकलेली प्रिंट शोधायची. लग्न केलं नाही, भाऊ-बहीण नाही. घरात मी आणि आई, बस्स. वडील लूमवर कामाला आले तेव्हा आई त्यांच्यासोबत अमळनेरकडून इथे आली. आता तिला काही आठवत नाही. इथे शिकलेली हिंदी-गुजराती सगळ्यात आधी गेली. राहिली ती अहिराणी, आणि शेतावरची एक सवय. ग्लासला ती तोंडच लावत नाही. दोन्ही हातांची ओंजळ ओठांशी धरते आणि आपण वरून तांब्याने पाणी ओतायचं. दर वेळी तिची बाही कोपरापर्यंत भिजते. दुसऱ्या कशाने पाजायला गेलात तर ओठ घट्ट मिटून घेते.

मागच्या वर्षी ती मोरीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी कामावर होते. संध्याकाळी कुलूप उघडलं तर आई तशीच पडलेली! तेव्हापासून ती अंथरुणाला खिळली, आणि तिला एकटीला सोडून जायचं म्हटलं की मी लावलेलं कुलूप दोनदा परत उघडून बघायचे. नोकरी सोडली तर खायचं काय? मग म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी ठिकाणं बघत फिरले. शेवटी घरापासून जवळच, मेन रोड सोडून आत, एका दुमजली इमारतीतलं ठिकाण बघायला गेले. दुपारची वेळ होती.

कापड तपासते तशीच जागा तपासली मी. बाथरूममध्ये धरायला दांडा होता, पण ओढून बघितला तर प्लास्टरसकट हलला. सगळीकडे फिनेलचा भपकारा. पाण्याचे ग्लास टेबलावर नीट झाकून ठेवलेले, पण टेबलं अशी दूर की पलंगावरच्या माणसाचा हात पोचू नये. का, तर पाणी प्यायलं की डायपर बदलावं लागतं! आणि अख्ख्या मजल्याला दुपारी एकच आया, तीही कोपऱ्यात डुलक्या घेत होती. मनात म्हटलं, नापास.

निघताना खिडकीजवळ एक रिकामा पलंग दिसला. उशाशी बेल होती. किती वेळाने कोणी येतंय बघू तरी, म्हणून दाबली.

लगेच एक बाई आली. म्हातारी, फिक्या हिरव्या लुगड्यातली, हातात स्टीलचा तांब्या.

“काय वं माय, काय जोयजे?”

काय पाहिजे विचारत होती, तेही अहिराणीत! माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं हो. आईशिवाय माझ्याशी आमच्या बोलीत बोलणारं कोणी उरलंय का या शहरात? मी तिला सगळं सांगून टाकलं... आईचं पडणं, ओंजळीचं, माझ्या कामाचं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मी पाजसू ना. मी शे ना आठे. तू जाय कामले.”

‘मी आहे इथे, मी पाजीन’ म्हणणाऱ्या त्या एका बाईच्या भरवशावर मी ऑफिसात जाऊन हो म्हटलं. दांडा, फिनेल, सगळं विसरले.

आईला घेऊन गेले त्या दिवशी मी त्या बाईची चौकशी केली. मॅनेजर भला माणूस वाटला. तो गोंधळून म्हणाला, “बेन, अमारे त्यां कोई मराठी बाई नथी. बधाने युनिफॉर्म छे, लुगडावाळुं कोई नथी.” म्हणजे मराठी बाई नाही, सगळ्यांना युनिफॉर्म, लुगड्यातली कोणीच नाही! मी म्हटलं, अहो, बेल दाबल्यावर आली! तर त्याने मला पलंगामागे नेऊन दाखवलं. बेलची वायर कापलेली होती, टोकावर धूळ बसलेली.

मी ती वायर दोनदा हातात घेऊन बघितली. आईला परत न्यायचं, तर परत कडी-कुलूप. त्याच खिडकीजवळच्या पलंगावर तिला ठेवलं आणि कामावर गेले. दिवसभर एक साडी धड तपासली नाही.

संध्याकाळी धावतच पोचले. टेबलावरचा ग्लास भरलेला, वर झाकण तसंच. आईचे ओठ ओले. उजवी बाही कोपरापर्यंत भिजलेली.

मग रोजच तसं. आया म्हणते, मी नाही पाजलं, माँजी पीतच नाहीत. मॅनेजर म्हणतो, हात पाण्यात घातला असेल. अहो, पलंगावरून हात पोचत नाही म्हणून तर मी ही जागा आधी नापास केली होती ना!

एका सुट्टीच्या दिवशी ठरवलं, आज उठायचंच नाही. दुपारभर आईजवळ बसले. कोणी आलं नाही. आईचे ओठ सुकले. मी घरचाच तांब्या पुढे केला, तर तिने तोंड फिरवलं. माझ्यापासून! तिची नजर दाराकडे. मग स्पष्ट म्हणाली, “तू जाय.”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. समोरून आत कोणी गेलं नाही, हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. परत आत गेले तर आईची बाही ओली होती आणि ती हसत होती.

आता बेल दुरुस्त करून घेतलीय, दांडा पक्का बसवलाय, टेबलं पलंगाला लावून घेतलीत. भांडून. आईची तब्येत बरी आहे. पण तिला पाणी कोण पाजतं, ते मला आजही ठाऊक नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा.

परवा कामावरून घरी आले. खूप तहान लागली होती. का कोण जाणे, ग्लास नाही घेतला. तांब्या भरून ओट्यावर ठेवला आणि आईसारखी ओंजळ तोंडाशी धरली. दोन्ही हात अडकले, आता ओतणार कोण? तशीच उभी राहिले थोडा वेळ.

माझ्याकडे कोणी आलं नाही.