पापुद्र्यावरचं स्वस्तिक

त्या हिवाळ्यात मला खोकला झाला आणि तीन आठवडे झाले तरी तो जाईना. मी किन्हवलीजवळच्या एका गावातून रोज मोटरसायकलने मुरबाडला जाते. तिथल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम करते. लोक उपाशी पोटी येऊन बसलेले असतात, त्यामुळे सकाळी आठला हजर असावं लागतं, आणि आमच्याकडची पहिली एसटी इतक्या लवकर पोचत नाही. बाबांचा गुडघा दुखायला लागल्यापासून त्यांची मोटरसायकल पडवीत नुसतीच उभी होती. तीच मी चालवायला शिकले. स्कूटी नव्हे, मोटरसायकल. त्यावरून गावात जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

आईने खोकल्याचा दोष गाडीला दिला. "छातीत वारा भरतोय तुझ्या. आत्याकडं जाऊन रहा. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. गाडी दे तुझ्या चुलतभावाला."

आत्या म्हणजे बाबांची बहीण. तिचं घर लॅबपासून दहा मिनिटांवर आहे. तिने माझ्यासाठी मागची खोली झाडूनही ठेवली होती. बाबांनी मधला मार्ग काढला. "म्हशाची जत्रा होईपर्यंत बघू. खोकला गेला तर गाडी, नाय तर आत्या."

आत्या वाईट नाही. ती बोलते, एवढंच. एका प्रश्नाचं उत्तर मी मनात जुळवत असते तोवर तिचे पुढचे दोन आलेले असतात. लॅबमध्ये मला दिवसभर अनोळखी माणसांशी बोलावं लागतं: मूठ आवळा, इकडे बघू नका, कापूस दाबून धरा. घरी आल्यावर घरचे असतात. मधला एक तास, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, मला कोणी काही विचारत नाही. तो तास मला सोडायचा नव्हता. पण हे घरी कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. 'मला एकटीला गाडीवर बरं वाटतं' हे मराठीत म्हटलं तर भांडण काढल्यासारखं वाटतं, आणि इंग्रजीत म्हटलं तर घरात कोणाला समजणार नाही.

म्हणून काही न सांगता मी गाडीला लावायची काच मागवली. हेडलाइटच्या वर बसवायची, वारा अडवणारी, उंच, पारदर्शक. खोक्यातून काच निघाली, हँडलला आवळायचे चार क्लॅम्प, नट-बोल्टांची पिशवी, एक वाकडी किल्ली आणि घडी घातलेला एक इंग्रजी कागद.

कागद अर्थातच माझ्या हातात आला. मी शहापूरच्या इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे आमच्या घरात इंग्रजीत छापलेली कुठलीही गोष्ट माझ्याकडेच येते. औषधाच्या पट्टीपासून खताच्या गोणीपर्यंत. मी वाचते आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. या कागदावर चार चित्रं होती, बरेच बाण होते आणि प्रत्येक चित्राखाली दोन-तीन शब्द. डावा क्लॅम्प आणि उजवा क्लॅम्प असं लिहिलं होतं. पण कोणाचा डावा? गाडीवर बसलेल्याचा की समोर उभा राहून बघणाऱ्याचा? ते कुठेच नव्हतं.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं. त्यांच्या हातात दहाचा पाना होता.

"आधी खालचे दोन लावायचे," मी म्हणाले. कागदात असं काही नव्हतं.

क्लॅम्प हँडलपेक्षा मोठे निघाले. बाबांनी जुनी ट्यूब आणून विळ्याने तिच्या पट्ट्या कापल्या. ट्यूबच्या पट्टीवर त्यांचा फार विश्वास. आमच्या नळाला, विळ्याच्या मुठीला, बादलीच्या कडीला, सगळीकडे ती गुंडाळलेली आहे. हँडलवर दोन वेढे देऊन त्यांनी क्लॅम्प आवळले. काच बसली. मग मी हँडल वळवून पाहिलं तर काचेची कड टाकीवर आपटली. सगळं सोडलं. पुन्हा बसवलं. आता काच एका बाजूला कलली, मान वाकडी करून ऐकणाऱ्या माणसासारखी.

पायरीवर बसून मूग निवडणारी आई म्हणाली, "एक गाडी चालवून म्हातारा झाला, दुसरी इंग्रजी शाळेत जाऊन आली. आणि काचेची सरळ बाजू कुठली ते दोघांना कळंना."

"तू ये मग," बाबा म्हणाले.

"मी कशाला? मी अडाणी."

तिसऱ्यांदा जमलं. मी कागद खाली ठेवून नट-बोल्टांची रिकामी पिशवी शोधत होते, तेवढ्यात आई ताट घेऊन आलीच. हळद, कुंकू, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबू. आमच्याकडे गाडीला काही नवीन लागलं की गाडीच नवीन धरतात. तिने बोटाने काचेच्या बरोबर मध्यभागी कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं, चारही टिंबांसकट. आणि तेव्हा मला दिसलं की काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रा तसाच आहे. कारखान्यातून येताना ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवतात तो, थोडासा दुधी. स्वस्तिक त्या पापुद्र्यावर होतं.

मी तोंड उघडलं. तोवर नारळ फुटला होता.

पूजेचं कुंकू आम्ही पुसत नाही. ते आपोआप जाईल तेव्हा जातं. दसऱ्याचं कुंकू टाकीवर होळीपर्यंत टिकलेलं मी पाहिलं आहे. शिवाय आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायची घाई कोणाला नसते. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे, कपाटाच्या आरशाच्या कडांना अजून निळा पापुद्रा आहे. त्यामुळे मला वाटलं, आई-बाबांनी तो मुद्दामच ठेवला असणार. कागदात पापुद्र्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किन्हवलीच्या नाक्यावर रिक्षावाले शेकत बसले होते. त्यातला एक ओरडला, "काय ताई, विमान घेतलं काय?" दुसरा म्हणाला, "पंख पार्सलने येणार हायेत." मी हेल्मेटच्या आत हसले की नाही ते मला आठवत नाही. त्यांना ते दिसलं नाही, एवढं बरं झालं.

नाका सुटल्यावर मी वेग वाढवला आणि छातीवरचा वारा थांबला. एकदम थांबला. जॅकेटच्या चेनमधून सुईसारखी आत येणारी थंडी नाहीशी झाली. पण त्याच वेळी माझं डोकं हलायला लागलं. हेल्मेट दोन्ही बाजूंनी कोणीतरी धरून हलवावं तसं. मी वाकले तर शांत, ताठ बसले तर पुन्हा सुरू. काच वारा अडवत होती की फक्त वर ढकलत होती? मग ती चांगली की वाईट? मला काही उमगेना.

आणि समोरचं धूसर दिसत होतं. मी उंच नाही. मला काचेवरून नव्हे, काचेतूनच बघावं लागतं. सरळगावकडे जाताना सकाळचा सूर्य डाव्या हाताला, थोडा समोर असतो. त्याचं ऊन पापुद्र्यावर पडलं की सगळी काच पांढरी होई आणि तिच्यात लाल स्वस्तिक तेवढं स्वच्छ दिसे. समोरून येणारी मोटरसायकल स्वस्तिकाच्या एका हातामागे जाई आणि दुसऱ्या हातामागून निघे. संध्याकाळी परत येताना मात्र बरंच नीट दिसायचं. मग ते धुकं असावं. की शेतातला धूर? की माझे डोळे? मी लॅबमध्ये दारात उभी राहून एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी तिथी वाचता आली. तरी खात्री वाटेना.

रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "वारा लागतो काय?"

"नाही," मी म्हणायचे. ते खरं होतं. छातीला लागत नव्हता, आणि खोकलाही कमी होत होता. नीट दिसत नाही असं म्हटलं असतं तर गाडी गेली असती. डोकं हलतं म्हटलं असतं तरी गेली असती. त्यामुळे जे विचारलं त्याचंच उत्तर मी द्यायचे.

म्हशाच्या जत्रेत गुरांचा बाजार भरतो, त्यामुळे त्या आठवड्यात रस्त्यावर गुरं दिसायला लागली. हल्ली बरेचजण बैल टेम्पोतून नेतात, पण काहीजण अजूनही म्हशाला चालत जातात. सरळगावच्या अलीकडच्या एका वळणावर ऊन काचेवर आलं आणि सगळं पांढरं झालं. स्वस्तिकाच्या मागे काहीतरी हललं. मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी मागून सरकली, तिरकी झाली आणि थांबली. माझ्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एका पांढऱ्या बैलाचं पोट होतं. ते श्वासाने वरखाली होत होतं.

"अगो बाय!" बैलांबरोबरचा म्हातारा ओरडला. त्याचे दोन बैल होते, शिंगं ताजी रंगवलेली. "विकायला नेतोय त्याला. तू इथंच शिंग मोडलंस तर घेईल कोण?"

"दिसला नाही, काका."

"एवढा बैल दिसला नाय?" तो माझ्या बाजूला आला आणि वाकून माझ्या उंचीवरून काचेतून बघू लागला. मग त्याने नखाने काचेच्या कोपऱ्यातला पापुद्रा किंचित उचलला. "आणि हे काय? हे काढायचं असतं ना?"

"त्यावर पूजा केलीय," मी म्हणाले.

त्याने नख लगेच काढून घेतलं. स्वस्तिकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "मग मी नाय हात लावत. तुझ्या घरचं हाय, तूच काढ. पायाखाली टाकू नको म्हणजे झालं."

आणि तो तिथेच उभा राहिला. मी काढते की नाही ते बघायला. मला कोणी बघत असताना काही करता येत नाही, पण तो हलणार नव्हता. मी हातमोजा काढला आणि कोपरा धरून ओढला. चर्र असा लांब आवाज झाला. चारही बोल्टांपाशी पापुद्रा फाटला आणि त्याचे तुकडे आवळलेल्या बोल्टांखालीच राहिले. बाकीचा मी कुंकू आत राहील अशी घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला.

"आता दिसतो काय बैल?"

"दिसतो."

"मग जा. हळू जा."

पुढच्या रस्त्यावर पेंढ्याच्या उडव्या दिसत होत्या, प्रत्येकीच्या टोकाला ठेवलेला दगडसुद्धा. इतके दिवस त्या तिथेच होत्या का? लॅबमध्ये पहिल्या आजोबांची शीर मला दुसऱ्या वेळेला सापडली. कापूस त्यांनी स्वतःच दाबून धरला.

संध्याकाळी अंगणात गाडी लावताच आईने काचेकडे पाहिलं. मी काही म्हणायच्या आत पिशवीतून घडी काढून तिच्या हातात दिली. बैलाचंही सांगितलं, थोडं कमी करून.

"मग एवढे दिवस काढलं का नाय?" आई म्हणाली.

"तू पूजा केली होतीस त्यावर."

"मला वाटलं तुझ्या त्या इंग्रजी कागदात लिहिलंय, काढू नका म्हणून. वाचणारी तू. तू काय बोललीच नाय."

"मला पण तसंच वाटलं," बाबा म्हणाले. "मी रोज बघतोय, ही धुरकट काच घेऊन निघते. म्हटलं असंल काहीतरी नवीन."

"देवाला काय आंधळी पोरगी पाहिजे?" आई म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिने घडी उघडली, पापुद्रा धान्याच्या कोठीच्या झाकणाला आतून चिकटवला आणि तळहाताने नीट दाबला. ती रागावली होती की नाही ते मला अजून कळलेलं नाही. मी पायरीवर बसून विचार करत होते की मी गप्प बसते तेव्हा घरातले आणखी काय काय समजून चालतात.

जत्रा झाल्यावर आत्याचा फोन आला. आईने थोडं ऐकलं, "हां, हां" म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला. "तूच सांग."

खोकला गेला, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. बाबांची अट तेवढीच होती. पण माझ्या तोंडून निघालं, "आत्या, मी राहायला येत नाही. मला गाडीवरून जायला आवडतं. एकटीला."

आत्या गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग ती म्हणाली, "मग ती खोली झाडून मी आता काय करू गो? बरं, दुपारी जेवायला येत जाशील काय? डबा गार झालेला खातेस ना तू? कोणाबरोबर खातेस?"

मी फोन ठेवला तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. "आणखी काय हाय काय? असंल तर आताच सांग."

"डोकं हलतं," मी म्हणाले. "ताठ बसलं की हेल्मेट हलतं."

"आणि मी रोज काय विचारत होतो?"

"वारा लागतो का, असं."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग पाना आणि ट्यूब घेऊन लंगडत बाहेर गेले. खालच्या दोन क्लॅम्पांत आणखी एकेक पट्टी सरकवून त्यांनी काच थोडी मागे कलवली. त्यांना वाटलं, वारा आता डोक्याच्याही वरून जाईल. मला वाटलं, उलट होईल. कागद काढून पाहिला. त्यात कलण्याबद्दल काहीच नव्हतं, आणि या वेळी मी तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाका सुटल्यावर मी ताठ बसून पाहिलं. डोकं हललं. कालपेक्षा कमी, की तेवढंच, पण वेगळ्या तऱ्हेने? काच स्वच्छ होती. फक्त उजव्या बोल्टाखालच्या पापुद्र्याच्या तुकड्यावर पूजेच्या वेळी उडालेल्या कुंकवाचा एक ठिपका राहिला होता. संध्याकाळी बाबा विचारणार होते. नक्की काय होतंय ते त्यांना कसं सांगायचं, याचे शब्द मी सरळगाव येईपर्यंत जुळवत होते.