कोरा हात

माझी मावसबहीण सुनंदा डासांना दूर ठेवणाऱ्या मलमांची चाचणी घेते. परवा तिच्या प्रयोगशाळेत गेलो, तर तिने नुसताच हात जाळीच्या पिंजऱ्यात घातला. तिथेच वाढवलेले डास लगेच त्यावर येऊन बसले.

"अगं, मलम राहिलं!" मी ओरडलो.

"आधी कोराच हात घालायचा," ती शांतपणे म्हणाली. "डास भुकेले आहेत ना, ते बघायला. पोट भरलेला डास चावला नाही, तर त्यात मलमाचं काय कौतुक?"

मग तिने दुसऱ्या हाताला मलम लावलं.

नोकरीत कधी लाच खाल्ली नाही, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगतो. घरी येताना मात्र आठवत राहिलं, की जुन्या फायलींच्या माझ्या त्या खोलीत लाच द्यायला कधी कुणी आलंच नव्हतं.