कोपर ते अमेरिका, व्हाया टोमॅटोचं सार

माझ्या सासऱ्यांना बोट लागते. घारापुरीला जाताना लाँचमध्ये ते डोकं गुडघ्यात घालून बसले होते आणि परतताना लेणी कशी होती हे आम्हालाच विचारत होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे येणार आहे त्यात ते कॅप्टन आहेत.

सगळी नोकरी त्यांनी कोलशेतच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढली. खाडीपलीकडे त्यांनी समुद्र फारसा पाहिला नाही, पण इंग्लंडहून अमेरिकेला जाणाऱ्या त्या जुन्या आलिशान बोटींबद्दल त्यांना काहीही विचारा. कुठल्या बोटीवर पोहण्याचा तलाव होता, कुठे झुंबरं होती, जेवायच्या आधी गाँग कसा वाजायचा. चार धुराड्यांपैकी चौथं पुष्कळदा निव्वळ शोभेचं असायचं, हे तर आमच्या घरी आलेल्या प्रत्येक माणसाला चहाबरोबर मिळतं. गॅसवाल्यालाही मिळालेलं आहे.

हे वेड त्यांच्यापुरतं राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण मुलगी पाहायला गेले तेव्हा, गच्चीवर दोघांना पाच मिनिटं बोलायला सोडलं, आणि त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "मी तुम्हाला बोटीतून अमेरिकेला नेईन. पाच दिवस लागतात." सासूबाईंना वाटलं, माणूस मोठ्या घरचा दिसतो. त्या हो म्हणाल्या. लग्न झालं, कोपरला वन रूम किचन झालं, आणि हातात दोन पैसे येईपर्यंत जगातली माणसं विमानाने जायला लागली. त्या बोटी भंगारात गेल्या.

तेव्हापासून सासूबाईंच्या तोंडी एक वाक्य आहे. बाबा कोथिंबीर आणायला जाऊन तासाने परतले, की दार उघडता उघडता त्या विचारतात, "काय, लागलं का जहाज?" नळाला पाणी आलं नाही, टँकरची वाट बघायची, की "तुमच्या अटलांटिकला फोन करा." बाबा कधी चिडत नाहीत. नुसते चष्मा पुसतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेने न्यू जर्सीहून दोघांची तिकिटं काढायची ठरवली. बोट नाही तर नाही, निदान अमेरिका तरी. तेव्हाच नेमका सासूबाईंच्या हृदयाने संप केला. ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, आणि डॉक्टर म्हणाले की लांबचा प्रवास आता विसरा. सासूबाई म्हणाल्या, "सुटले. तिकडे भांडी घासायला बाई मिळत नाही." बाबांना मात्र ते लागलं. मला एकदा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "अगं, आयुष्यात तिला एकच गोष्ट कबूल केली होती मी." त्यांना ती कशीही करून पुरी करायची होती, आणि वेळ कमी आहे हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं.

म्हणून त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्यांनी अट घातली. सकाळी होम, ओवाळणी, काय करायचं ते करा. संध्याकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर बोटीवरचं जेवण होणार, थेट कॅप्टनच्या टेबलासकट. सासूबाई कॅप्टनच्या उजव्या हाताला बसणार.

"आणि शाकाहारी," सासूबाई म्हणाल्या.

ते मान्य झालं. आधी सूप म्हणून टोमॅटोचं सार, मग कोशिंबीर, मग कटलेट, मग मसालेभात आणि पुरी-भाजी, मग श्रीखंड, शेवटी कॉफी. एकेक पदार्थ वेगळा यायचा. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे भात येईस्तोवर माणसं अमेरिकेला पोचतील," एवढंच म्हणाल्या. केटरर कोलशेतकडची एक ख्रिस्ती बाई होती, तिला बाबांचं सगळं पटकन कळलं. तिच्या वाढप्यांना बाबांनी स्वतः तालीम दिली. हातावर टॉवेल, भिंतीपाशी रांगेत उभं राहायचं, आणि समोरची वाटी रिकामी झाल्याशिवाय पुढचा पदार्थ आणायचा नाही. "कोणीही सांगितलं तरी?" एकाने विचारलं. "कॅप्टनशिवाय कोणीही," बाबा म्हणाले.

संध्याकाळी बाबा लग्नातला सूट घालून वर आले. कोटाचं बटण कसंबसं लागलं होतं, म्हणून त्यांनी छाती काढून चालायचं सोडून दिलं होतं. गाँग म्हणून मी पितळी परात वाजवली. पाहुणे बसले, पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाट्या आल्या, वाट्यांत वाफाळतं सार आलं. वाढपी भिंतीला टेकले. आणि सगळं थांबलं.

कोणी चमचा उचलेना. मला वाटलं, कोणाची तरी वाट बघतायत. बाबांना वाटलं, बोटीवरची शिस्त. ते खूश होऊन सासूबाईंच्या कानाशी म्हणाले, "बघ, कॅप्टनने सुरुवात केल्याशिवाय कोणी हात लावत नाही." आणि भारदस्तपणाने एक चमचा सार प्यायले. तरी कोणी हलेना. सगळे मांडीवर हात ठेवून, समोर बघत, पंगतीला बसतात तसे बसून राहिले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसं जन्मभर पंगतीत जेवलेली. मीठ, लिंबू, चटणी, भाजी, वरण-भात, त्यावर तूप, सगळं पान वाढून झाल्याशिवाय आणि यजमानाने म्हटल्याशिवाय घास उचलणारा माणूस आमच्यात बावळट ठरतो, त्यापेक्षा उपाशी मेलेलं बरं. ते पुढचं यायची वाट बघत होते. आणि वाढपी वाट्या रिकाम्या व्हायची वाट बघत होते.

सासूबाईंची विठ्ठलवाडीची बहीण माझ्या शेजारी होती. ती कुजबुजली, "अगं, हे वाढपी नुसते उभे काय राहिलेत? लिंबाची फोड तरी आण म्हणावं."

मी उठून एकाला म्हटलं, "अरे, कोशिंबीर आण ना."

"मॅडम, कॅप्टन बोलले नाय," तो म्हणाला आणि टॉवेल सरळ केला.

सार निवायला लागलं. बाबांच्या आता लक्षात आलं होतं. ते उठून काही समजावून सांगू शकले असते, पण ते वाटीशेजारचा चमचा सरळ करत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हा सासूबाई उठल्या. "अहो, सांगा त्यांना सगळं एकदम वाढायला," त्या म्हणाल्या. बाबांनी वाढप्यांकडे बघून मान डोलावली. दोन मिनिटांत कोशिंबीर, कटलेट, मसालेभात, पुरी, भाजी, श्रीखंड सगळं एकाच ताटात येऊन पडलं. सासूबाईंनी हात जोडून म्हटलं, "सावकाश होऊ द्या," आणि गच्ची जेवायला लागली. सार भातावर ओतलं गेलं, पुरीबरोबर श्रीखंड गेलं, विठ्ठलवाडीच्या मावशीने तीनदा भात घेतला. जाताना प्रत्येक जण जेवण झकास होतं म्हणून गेला. बाबा हसून सगळ्यांना नमस्कार करत होते. घरात आल्यावर कोट काढून म्हणाले, "बुडालं." सासूबाई काहीतरी टोचून बोलतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी उरलेलं सार झाकून फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गॅलरीतल्या आरामखुर्चीत जाऊन बसल्या आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "अहो, अकरा वाजले. तुमच्या बोटीवर अकराला डेकवर काय देतात म्हणता?"

बाबा बाहेर आले. "गरम सूप," ते म्हणाले. "आणि पायांवर लोकरी शाल."

"मग? कालचं सार उरलंय की."

बाबांनी सार गरम केलं, चांगल्या कपबशीत ओतलं, कपाटातली शाल काढली. ऑक्टोबरचा उकाडा होता, समोरच्या बिल्डिंगच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं. सासूबाईंनी घामाने डबडबून शाल गुडघ्यांवर घालू दिली. एक घोट घेऊन समोर बघत त्यांनी विचारलं, "कुठवर आलो?"

"आत्ताच तर निघालो," बाबा म्हणाले. "पाचव्या दिवशी न्यूयॉर्क."

सार त्याच्या दुसऱ्या दिवशी संपलं. मग ताक झालं, थंडीत पुन्हा सार झालं, उन्हाळ्यात पन्हं झालं. रोज अकराला कपबशी बाहेर जाते, शाल जाते, आणि बाबा त्यांना कुठवर आलो ते सांगतात. "लागलं का जहाज?" हे वाक्य मी तेव्हापासून घरात ऐकलेलं नाही. परवा मला राहवलं नाही. बाबा कप धुवायला आत गेलेले बघून मी म्हटलं, "आई, पाच दिवस कधीच उलटले."

"हळू बोल," सासूबाई शाल सारखी करत म्हणाल्या. "त्यांना आठवण करून देऊ नकोस."